आयव्हरचे टोचे

हे लिहून ठेवणारच नव्हतो. दोनदा मोबाइल बाहेर काढला, दोनदा परत खिशात घातला. तिसऱ्यांदा काढलाय, कारण उद्या सकाळी आठच्या आत हे माझ्या डोक्याबाहेर कुठेतरी असायला हवं. नंतर पुसलं तरी चालेल. आणि 'मी' लिहायला गेलो की अंगठा थांबतो, म्हणून 'तो' लिहितो. तो म्हणजे नेल्स, वय चोवीस, हॅलडोर तळ्यावर शहरवाल्यांना मासे धरायला बर्फात भोकं पाडून देणारा. मीच. पण 'तो' म्हटलं की जरा लांबून बघता येतं.

खिळा सकाळपासून टोचत होता. छातीच्या मधल्या हाडाच्या जरा डावीकडे, बनियनच्याही आत, तिथे आता लाल ठिपक्यांचा एक पुंजकाच झालाय... दोन लाकडी मुठी, एकेक वीतभर, प्रत्येकीच्या टोकाला घासून धार काढलेला खिळा, आणि दोन्हींना बांधलेली दोरी गळ्यात. टोचे. इथं सगळ्यांच्या गळ्यात असतात, त्यात काही नवल नाही. बर्फ फुटून आत गेलं की दोन हातांत दोन टोचे धरायचे, काठावर रोवायचे आणि स्वतःला ओढून बाहेर काढायचं, कारण ओला बर्फ नुसत्या हाताला धरवत नाही, नखं तुटली तरी धरवत नाही. फक्त बाकीच्यांचे टोचे कोटाच्या वर असतात. नेल्सच्या कोटावर असते ती पिवळ्या प्लास्टिकची दुकानातली जोडी, लोकांना दिसायला. आतली जोडी हॉकीच्या काठीची आहे, हिरवी पट्टी गुंडाळलेली, आणि तिच्या एका खिळ्यावरचं बूच कुठेतरी पडलंय. वाइनच्या बाटलीचं बूच अर्धं कापून बसवलेलं होतं ते. दुसरं बसवायला दोन मिनिटं लागली असती. तीन-चार आठवडे झाले, नाही बसवलं.

शनिवार. उणे बावीस, वारा नाही. तळ्यावर गाव वसलेलं — खोपट्यांच्या रांगा, रांगांना रस्ते, रस्त्यांना पाट्या, कोणी दाराबाहेर प्लास्टिकचा फ्लेमिंगो रोवलेला, कोणी पिझ्झा मागवलेला आणि पिझ्झावाला खोपटं सापडत नाही म्हणून शिव्या देत फिरतोय. रिसॉर्टची मालकीण ग्लेन्डा रेडिओवरून ओरडतेय, "नेल्स, चौदा नंबरला भोकं गोठलीत, आणि बावीस नंबरवाला म्हणतोय मासेच नाहीत. त्याला सांग, मासे मी ठेवलेले नाहीत, देवानं ठेवलेत."

बावीस नंबरला मिनिआपोलिसहून आलेलं एक जोडपं होतं आणि नवऱ्याचा भाऊ. नव्या कोऱ्या कोटांच्या बाहीला अजून दुकानाच्या चिठ्ठ्या. नेल्सनं गिरमिट टेकवलं, चालू केलं, पांढरा चुरा वर आला, मग करडा, मग पाणी एकदम उसळून बुटांवर. हे होताना तो दर वेळी श्वास धरतो. आधी नाही धरायचा.

"बर्फ पक्का आहे ना, भाऊ?" नवऱ्यानं विचारलं.

"अठ्ठावीस इंच."

"म्हणजे आमची गाडी..."

"तुमची गाडी, तुमच्या सासूची गाडी, आत बसलेली सासू, सगळं पेलेल."

ते हसले. बायको नवऱ्याला कोपरानं ढोसत हसली. आणि नेल्स झाऱ्यानं भोकातला चुरा काढत राहिला, काढत राहिला, कारण हा विनोद त्याचा नव्हता. आयव्हरचा होता. आयव्हरनं तो तीस वर्षं प्रत्येक शहरवाल्याला ऐकवला होता, आणि आता तो नेल्सच्या तोंडातून बाहेर पडत होता, आपोआप, जसं एखाद्याचं जाकीट घालावं आणि खिशात हात घातल्यावर त्याचाच रुमाल लागावा.

मग बायकोनं विचारलंच. दर शनिवारी कोणीतरी विचारतं. "तो माणूस गेला... ते कुठे झालं?"

"तिकडे. ओढा तळ्याला मिळतो तिथे. इथून दोन मैल."

"त्याच्याकडे ते नव्हतं म्हणे. हे, गळ्यात घालतात ते." तिनं नेल्सच्या पिवळ्या जोडीकडे बोट केलं.

"नव्हतं," नेल्स म्हणाला.

खिळा टोचला. म्हणजे तो वाकला म्हणून टोचला, दुसरं काही नाही. वाकलं की टोचतो.

चार डिसेंबर. पहिला बर्फ. पहिल्या बर्फात गाडी किनाऱ्यावर ठेवायची आणि पायी जायचं, लोखंडी पहार पुढे आपटत, आवाज ऐकत. आणि भानगड इथेच आहे. विसरू नयेत म्हणून आम्ही सगळे टोचे गाडीच्या आरशाला लटकवतो. जानेवारीत ते बरोबरच आहे, तेव्हा गाडीच बर्फावर येते, उतरताना गळ्यात घातले की झालं. पण पहिल्या बर्फात गाडी किनाऱ्यावर, टोचे आरशाला, आणि आपण पाव मैल आत. दर वर्षी कोणीतरी विसरतो. दर वर्षी त्याला सगळे हसतात, आणि पुढच्या वर्षी हसणाऱ्यांपैकीच एक विसरतो.

आयव्हर हाउटाला, ब्रेटचा बाप, चौसष्ट वर्षांचा. ब्रेट म्हणजे नेल्सचा पहिलीपासूनचा दोस्त. कागदाची गिरणी बंद पडल्यापासून आयव्हर घरीच होता, आणि घरी बसणारा माणूस नव्हता तो, नुसता इकडून तिकडे फिरायचा. बर्फ मापायला नेल्सबरोबर यायचा तो कोणी सांगितलं म्हणून नाही. ओढ्याच्या तोंडाशी पाणी वाहतं राहतं, बर्फ पातळ राहतो, म्हणून दर वर्षी पहिल्या बर्फात तो तिथे झाडाच्या हिरव्या फांद्या रोवून यायचा, म्हणजे लोकांनी लांबून ओळखावं, इकडे यायचं नाही. त्या दिवशी त्यानं फांद्यांची मोळी पाठीला बांधली होती. हलणाऱ्या झाडासारखा दिसत होता.

"पोरा, गळ्यात काय आहे तुझ्या?"

नेल्सनं छाती चाचपली. "आरशाला राहिले."

"आरशाला पोहता येतं का?"

"जाऊन घेऊन येतो."

"आता परत जाशील, परत येशील, मी काय इथे नाचत बसू?" आयव्हरनं आपली जोडी गळ्यातून काढली, टोपीत अडकली, शिवी दिली, पुन्हा ओढली. "घाल. तू खोल बाजूला जातोयस. मी काठाकाठानं जाणार, फार तर कंबर भिजेल. तुला काही झालं तर तुझी आई मला दुकानात सगळ्यांसमोर गोठलेल्या कोंबडीनं हाणेल."

आणि त्यानं ते घातले. नाही... मी घातले. हे तरी नीट लिहायला हवं. मी घातले आणि एकदाही नको म्हणालो नाही. बरं वाटलं होतं उलट. दोरी त्याच्या अंगानं गरम होती. मग वारा आला म्हणून मी कोटाची चेन वर ओढली, आणि टोचे आत गेले.

नंतर एक आवाज आला होता. लांबून, पोटातून आल्यासारखा. बर्फ बोलला असं वाटलं. बर्फ धरताना बोलतो, कण्हतो, कधी तोफेसारखा धडाडतो, आणि शहरवाले घाबरून पळत सुटतात आणि आम्ही हसतो, कारण बर्फ बोलतोय म्हणजे वाढतोय. तर मी हसलोसुद्धा असेन. पहार आपटत राहिलो. चार इंच. साडेचार. चार. वहीत लिहीत राहिलो.

वीस मिनिटांनी वळून बघितलं तर ओढ्याकडे चार फांद्या उभ्या आणि पाचवी आडवी. हलणारं झाड कुठेच नाही.

तो धावला, मग धावणं थांबवून पोटावर पडून सरकत गेला, शिकवलेलं असतं तसं, आयव्हरच्याच टोचांनी बर्फ धरत धरत. भोक टेबलाएवढं होतं. आत काळं पाणी, त्याच्यावर टोपी. आणि काठावर... काठावर बर्फाच्या कडेला ओरखडे होते. बोटांचे. चार चार, एका ओळीत, एका जागी नाही, सगळ्या कडेनं, जिथे जिथे धरायला मिळेल तिथे. त्या ओरखड्यांत आधीच पातळ बर्फ धरू लागला होता.

हे फक्त त्यानंच पाहिलं. पाणबुडे आले तेव्हा त्यांनी करवतीनं भोक मोठं केलं, कडा कापून बाजूला ढकलल्या. आयव्हर पंधरा फुटांवर सापडला.

ब्रेट आला तोपर्यंत तिथे नुसता चौकोन होता.

गरम गाडीत बसवून, कागदी पेल्यातून कॉफी देऊन, शेरीफच्या माणसानं विचारलं होतं, अगदी सौम्यपणे, "टोचे होते का त्याच्या गळ्यात?" आणि नेल्स म्हणाला, "लक्षात नाही." म्हणजे तोंड म्हणालं. ठरवून नाही. विचार करून खोटं बोललं तर ते निदान आपलं असतं. हे कोणाचं होतं कुणास ठाऊक. तोंडानं म्हटलं आणि मग तो आपल्याच तोंडाच्या मागे मागे चालत राहिला, एक दिवस, दोन दिवस. दफनाला लोकांनी ट्यूना आणि बटाट्याच्या परातीच्या पराती आणल्या, तेव्हा तो शवपेटीच्या डाव्या बाजूला खांदा देऊन उभा होता आणि कोटाच्या आत ते होतेच. घरी ठेवावेत तर आई कपडे आवरते. गाडीत ठेवावेत तर ब्रेट गाडीत बसतो.

एकदा टाकून द्यायचं ठरवलं. डिसेंबर संपताना, कामाचं खोपटं रिकामं असताना, दुपारी. दार लावलं, दोरी कापली, दोन्ही भोकात सोडले. गेले खाली. त्यानं डोळे मिटले. उघडले तर दोन्ही वर, हिरवी पट्टी चमकतेय, आणि पाणी हलतंय तसे भोकाच्या कडेला टक... टक... टक. आयव्हरनं मुठी लाकडाच्या केल्या होत्या त्या ह्याच्यासाठीच. हातातून सुटल्या तरी बुडू नयेत. तरंगत जवळ राहाव्यात. झाऱ्यानं काढले. दोरीला गाठ मारली. तेव्हाच ते बूच गेलं बहुतेक.

अडीच वाजता ग्लेन्डा रेडिओवर म्हणाली, "तुझा दोस्त आलाय. किनाऱ्यावर गाडीत बसून आहे. खाली उतरत नाहीये. तू जा, मी चौदा नंबर बघते." मग जरा थांबून, "हळू घे रे त्याला."

ब्रेट त्या दिवसानंतर तळ्यावर आला नव्हता. स्कूलबसच्या गराजमध्ये कामाला जायचा, घरी यायचा. आता तो पिकअपमध्ये बसला होता, दोन्ही हात चाकावर, इंजिन चालू.

"उतर की, गाढवा," नेल्स म्हणाला. "का गाडीतूनच गळ टाकतोस?"

"तुझ्या तोंडाकडे बघून मासे आधीच पळाले असतील."

"ग्लेन्डा म्हणते ते देवाचे आहेत."

"मग देवालाच पकडू दे." पण उतरला. पाय बर्फावर टेकताना दाराला धरलं. नेल्सनं पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

कामाच्या खोपट्यात गॅसची शेगडी, दोन उलट्या बादल्या बसायला, जमिनीत दोन भोकं, प्रत्येकात गळ सोडलेला आणि दोऱ्यावर एक छोटा लाल तरंडा. दार लावलं की अंधार होतो आणि भोकांतून उजेड वर येतो, हिरवट, खालून, आणि माणसांची तोंडं खालून उजळतात. ब्रेटनं हरणाच्या मांसाच्या काड्या काढल्या. आयव्हरनं नोव्हेंबरात मारलेलं हरीण. दोघं चघळत बसले. ही शेवटची पिशवी आहे हे दोघांनाही कळत होतं, आणि कोणी हळू खात नव्हतं.

"आई काय म्हणते?" नेल्सनं विचारलं.

"शोधते."

"काय?"

"तुला माहितीय काय." ब्रेट तरंड्याकडे बघत होता. "त्याचे टोचे. रोज. पहिल्यांदा गराज. मग त्याची गाडी, सीटच्या खाली, स्पेअर चाकाच्या खाली. मग तळघर. काल मी आलो तर तिनं कपडे धुवायचं मशीन भिंतीपासून ओढून काढलं होतं. एकटीनं. म्हटलं, लोरेन हाउटाला, तू बासष्ट वर्षांची आहेस. तर म्हणते, मागे पडले असतील."

नेल्सनं झारा उचलला आणि भोकातला चुरा काढायला लागला.

"ती असं का शोधते ते ती बोलत नाही. मीही बोलत नाही. पण घरात सापडले तर काय, सांग ना. सापडले तर त्याचा अर्थ काय?"

"ब्रेट..."

"नाही, ऐक. तो माणूस टोचे घातल्याशिवाय संडासात जायचा नाही. पायजम्याच्या आधी टोचे. माझ्या लग्नाला, म्हणजे जे झालं नाही त्या लग्नाला, म्हणाला होता, चर्च तळ्याच्या काठी आहे, मी घालूनच येणार." तो हसला, आणि ते हसणं अर्ध्यात कुठेतरी सांडलं. "आणि त्या दिवशी, चार इंच बर्फावर, ओढ्याच्या तोंडाशी... तिथलं पाणी त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत. आणि गळ्यात नाहीत. गिरणी बंद. ऑक्टोबरात त्यानं गराज आवरलं, नेल्या. तीस वर्षांत न आवरलेलं गराज. नोव्हेंबरात हरीण मारून झाल्यावर बंदूक मला दिली. म्हणाला, आता तू वापर."

शेगडी सूं करत होती. नेल्सला वाटलं आता बोलायचं. आत्ता. वाक्य तयार होतं, छोटं होतं, सात आठवडे ते तोंडात घोळून घोळून गुळगुळीत झालं होतं: ते टोचे माझ्याकडे आहेत. चार शब्द. पण चार शब्दांनंतर पाचवा येतो. पाचवा विचारणार, मग तो बाहेर यायची धडपड करत होता का? आणि मग ओरखडे सांगावे लागणार. सगळ्या कडेनं. आणि त्याला कळेना, कोणतं बरं? बापाला जगायचंच नव्हतं हे, की जगायचं होतं, बोटं झिजेपर्यंत जगायचं होतं, आणि दोन लाकडाचे तुकडे दोस्ताच्या कोटात होते हे? कोणतं घेऊन माणूस झोपू शकतो? असं तो ब्रेटसाठी विचार करत होता. निदान स्वतःला तसं सांगत होता. खरं तर मी कोणासाठी विचार करत होतो ते मला पक्कं माहितीय. त्याच्या चेहऱ्यासाठी. तो माझ्याकडे ज्या चेहऱ्यानं बघेल त्या एका चेहऱ्यासाठी मी त्याच्या बापाला सात आठवडे आत्महत्या करायला लावली.

उजवीकडचा तरंडा हलला. एकदा. मग तिरका झाला आणि सावकाश खाली गेला, लाल ठिपका हिरव्यात, खाली, खाली. दोरा चाकावरून सरसर सुटू लागला.

दोघांनीही पाहिलं. कोणी उठलं नाही.

"वॉलाय असेल," ब्रेट म्हणाला.

"मोठा आहे."

दोरा थांबला. सैल पडला. तरंडा वर आला, डुचमळला, उभा राहिला.

"गेला," ब्रेट म्हणाला. मग कोटाच्या आत हात घातला. "हे घे. ह्याच्यासाठी आलो होतो."

नव्या टोचांची जोडी होती. हॉकीची काठी. हिरवी पट्टी.

नेल्सच्या छातीत काहीतरी इतक्या जोरात आपटलं की त्याला वाटलं ब्रेटला ऐकू गेलं. एक क्षण वाटलं, तेच आहेत, ह्यानं काढून घेतले, ह्याला सगळं माहितीय... पण खिळा टोचतच होता. ते आतच होते.

"आठवते ना काठी?" ब्रेट म्हणाला. "शेवटच्या मॅचला मोडली ती. सगळ्या टीमच्या काठ्या कार्बनच्या आणि माझी लाकडी, म्हाताऱ्यानं घेतलेली, तुम्ही सगळे मला सरपणवाला म्हणायचात. त्यानं मोडकी घरी नेली. वरच्या तुकड्याचे स्वतःला टोचे केले. उरलेला तुकडा त्या आवरलेल्या गराजमध्ये खिळ्याला टांगलेला होता. बघ."

त्यानं मूठ फिरवली. पट्टीच्या खाली लाकडावर पेन्सिलीची रेघ होती, जिथे कापायचं तिथली, आणि रेघेशेजारी सुतारासारख्या जाड अक्षरांत: नेल्स. कान नसलेला.

"तुझ्यासाठी करणार होता. कान नसलेला! तुला दहादा सांगून तू आरशालाच ठेवतोस म्हणून." ब्रेटचा आवाज घसरला. "मोजून ठेवलं, नाव लिहिलं, आणि केलं नाही. म्हणजे मी करावं म्हणून ठेवलं ना? सगळं लावून ठेवून गेला तो. हेसुद्धा."

नाही, नेल्सला ओरडायचं होतं. नाही रे. मोजून ठेवलं कारण करणार होता. पुढच्या आठवड्यात, पुढच्या महिन्यात, थंडीत वेळ जात नाही तेव्हा. गराज आवरलं कारण गिरणी बंद पडल्यावर माणसानं दिवसभर करायचं काय. बंदूक दिली कारण त्याचा खांदा दुखत होता, मला म्हणाला होता, बर्फ मापताना, पहार ह्या हातातून त्या हातात घेताना म्हणाला होता. त्यातला एकही तुकडा तू लावतोयस तिथे बसत नाही, आणि तो जिथे बसतो ती जागा माझ्या बनियनच्या आत आहे.

"घाल," ब्रेट म्हणाला. "आणि ते पिवळं प्लास्टिक फेक. त्याला बघून म्हातारा थुंकायचा."

नेल्सनं पिवळी जोडी काढली. नवी घातली. नव्या मुठी कोटावर, जुन्या कोटाच्या आत, एकाच काठीचे चार तुकडे, मधे लोकर आणि पिसं आणि तो. ब्रेटनं पुढे वाकून दोरी सारखी केली, लहान मुलाची करतात तशी, आणि त्याची पालथी मूठ क्षणभर नेल्सच्या छातीवर टेकली, बरोबर तिथे. खिळा आत गेला. नेल्सनं आवाज केला नाही. ओलं लागलं बनियनला.

"वचन दे," ब्रेट म्हणाला. "ह्यांच्याशिवाय बर्फावर पाय ठेवणार नाहीस. मुतायला दारात आलास तरी. माझ्याकडे अजून एकाला शोधत बसायची ताकद नाही."

"दिलं."

"तोंडदेखलं नको."

"दिलं म्हटलं ना, लेका."

ब्रेटनं मान हलवली. उठला, बादली लाथेनं बाजूला सारली. दार उघडलं तशी खोपट्यात पांढरी झळ घुसली आणि दोघांचे डोळे मिटले. बाहेर साडेतीन वाजता ऊन तिरपं झालेलं, प्रत्येक खोपट्याची सावली त्याच्यापेक्षा तिप्पट लांब. लांबून बर्फ बोलला. एक दीर्घ, वाकडा हुंकार, एका किनाऱ्याकडून दुसऱ्याकडे. बावीस नंबरची बायको किंचाळली आणि मग हसली. ब्रेट जागच्या जागी ताठ झाला.

"वाढतोय," नेल्स म्हणाला. आपोआप. आणि म्हणून झाल्यावर त्याला स्वतःचीच शिसारी आली.

गाडीपाशी ब्रेटनं खिडकी अर्धी खाली केली. "उद्या मी आईला सांगणार आहे."

"काय सांगणार आहेस?"

"की शोधू नकोस. की त्यानं ते मुद्दाम कुठेतरी टाकले. तिलाही माहितीय, पण कोणी मोठ्यानं म्हटल्याशिवाय ती थांबणार नाही. परवा फ्रीज ओढेल. चर्चहून आलो की सांगतो. ती रडेल, संपेल."

संपेल. नेल्स खिडकीच्या काचेला धरून उभा होता. हातमोजा काचेला चिकटला होता. त्यानं लोरेनला पाहिलं, स्वयंपाकघरात, ओढलेल्या मशीनपाशी, गुडघ्यांवर, मागच्या धुळीत हात घालून — आणि पुढचं पाहिलं, ब्रेट सांगतोय आणि ती हात धुळीतून काढून घेतेय. ते हात काढून घेणं. आयव्हर दुसऱ्यांदा खाली जाणार होता, आणि ह्या वेळी काठावर ओरखडेसुद्धा नसणार.

इंजिन घुरघुरत होतं. ब्रेटनं गिअर टाकला.

"थांब," आवाज आला. कोणाचा ते क्षणभर कळलं नाही. तोंडाचा नव्हता ह्या वेळी.

"काय?"

"उद्या चर्चच्या आधी काही सांगू नकोस तिला. मी येतो घरी."

"कशाला?"

सांगता आलं असतं. तिथेच, खिडकीतून. चार शब्द. नाही सांगितले. भित्रा आहे म्हणून असेल, किंवा ते लोरेनसमोर असायला हवेत म्हणून असेल. आत्ता लिहितानाही मला नक्की कळत नाहीये, आणि जे कारण बरं दिसेल ते निवडायचं नाही असं मी ठरवलंय.

"काहीतरी दाखवायचंय. दोघांना."

ब्रेट माझ्याकडे बघत राहिला. मग माझ्या कोटाकडे, त्याच्या नव्या टोचांकडे. मग पुन्हा माझ्याकडे, जरा जास्त वेळ. काचेवर त्याच्या श्वासाचा डाग पडला आणि गोठला.

"येशील?" त्यानं विचारलं. "का आरशाला लटकवून येशील?"

"गळ्यात घालून येईन," म्हणालो. "आठ वाजता. वचन देतो, ब्रेट."

मी म्हणालो. मीच.